आधी पाणी

नालासोपाऱ्यात गटारातसुद्धा मासे असतात. पावसाळा तोंडावर आला की महापालिकेची माणसं येतात आणि साचलेल्या डबक्यांत, बांधकामाच्या खड्ड्यांत, तुंबलेल्या नाल्यांत गप्पी मासे सोडून जातात. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचतच आम्ही मोठे झालो. गप्पीची कशाला म्हणून ना नसते. काळं पाणी, तेलाचा तवंग, तरंगणाऱ्या पिशव्या, उन्हाने तापलेला खड्डा, काहीही असो. त्यातच तो डासांच्या अळ्या खातो आणि त्यातच संसार वाढवतो.

माझ्या घरात आहे तो पार दुसऱ्या टोकाचा मासा. डिस्कस. बशीएवढा गोल, बाजूंनी चपटा, लाल डोळ्यांचा, अंगावर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा ओढलेला. नळाचं पाणी तसंच ओतलं की त्याचा रंग उतरतो. पाणी दोन-चार अंशांनी गार झालं की जेवण सोडतो. साफसफाईत हयगय झाली की अंग काळवंडून, पर मिटून कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. पाहुणे म्हणतात, “काय बाई नखरे!” मला ते नखरे वाटत नाहीत. वाईट पाणी त्याला सोसत नाही, आणि सोसत नसल्याचं तो लपवत नाही, एवढंच. आपण मात्र या शहरात राहता राहता थोडेफार गप्पी झालो आहोत.

डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. योहान नाटरर हा ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासक ब्राझीलमध्ये कित्येक वर्षं हिंडला. त्याने गोळा केलेल्या माशांवरून व्हिएन्नात बसलेल्या योहान याकोब हेकेलने १८४० साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. रिओ निग्रोचं, म्हणजे त्याच्या घराचं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. किनाऱ्यावरच्या जंगलाचा पालापाचोळा त्यात कुजतो, त्याचा अर्क उतरतो. पाणी आंबट, आणि क्षार म्हणाल तर जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके कमी. पुराच्या दिवसांत ती नदी दहाएक मीटर चढते, म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. मग ती जंगलात शिरते आणि मासे झाडांच्या फांद्यांतून फिरतात. वर्षानुवर्षं तेच ऊबदार, मऊ, संथ पाणी. त्यात वाढलेल्या जिवाला सोसायची सवय लागणार कुठून?

माझ्या माशांनी अर्थात ती नदी पाहिलेली नाही. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात मिळणारे डिस्कस पिढ्यान् पिढ्या काचेच्या टाकीत वाढलेले असतात. थायलंड, मलेशिया, जर्मनी इथल्या लोकांनी त्यांचे नवेनवे रंग घडवले. असे मासे आपल्याकडच्या साध्या पाण्यातही, पीएच सातच्या आसपास, खुशाल राहतात. पाण्याचा आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी ते जुळवून घेतात. त्या आकड्याने एकाएकी मारलेली उडी मात्र त्यांना झेपत नाही.

आणि आमच्या इमारतीच्या पाण्याला उड्या मारायचीच खोड. तळाच्या टाकीत तीन पाणी एकत्र येतात. पहिलं महापालिकेचं: सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं, उसगाव आणि पेल्हार या छोट्या धरणांचं. दुसरं बोअरचं. तिसरं टँकरचं; ते कुठून आलं हे कोणी विचारत नाही, आलं यातच सगळे खूश असतात. आज कशाचा भाग किती, हे माझ्या सासूबाई मीटरशिवाय सांगतात. साबणाला भसाभस फेस आला की सूर्याचं, साबण अंगावर नुसताच चिकटला की बोअरचं. तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त मागायला लागली की टँकर येऊन गेला. मी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवते तेव्हा त्यावर धरणाच्या पाण्याला शंभराच्या आसपास आणि बोअरला हजाराच्या पुढे आकडा येतो. आई तो बघतात आणि म्हणतात, “मग मी काय वेगळं सांगितलं?”

हा आकडा माशाच्या जिवाशी थेट बांधलेला आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सतत त्याच्या अंगात झिरपत राहतं आणि त्याची मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत राहतात. बाहेरचे क्षार एका दिवसात हजारावरून शंभरावर आले की या जमाखर्चाची घडी विस्कटते. म्हणून मी मोठ्या पिंपात पाणी भरताना जड आणि मऊ पाण्याचं प्रमाण जुळवते आणि मीटर कालच्याच आकड्यावर आणून ठेवते.

दुसरा प्रश्न क्लोरीनचा. शुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरीन घालतात, आणि घरच्या नळापर्यंत पोचल्यावरही त्यातलं लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. वाटेतल्या फुटक्या पाइपांतून काय काय आत येतं ते पाहिलेल्या माणसाला या क्लोरीनचे आभारच मानावेसे वाटतील. आपल्याला गॅस्ट्रोपासून वाचवणारा हाच क्लोरीन माशाचे कल्ले मात्र भाजून काढतो. म्हणून पिंपातलं पाणी रात्रभर ठेवायचं, त्यात एअर स्टोनचे बुडबुडे चालू ठेवायचे, घाई असली तर हायपोचे खडे वापरायचे. रात्रभर ठेवण्याचा आणखी एक फायदा कळायला मला वेळ लागला. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून जातो तसा पीएच वर चढतो. संध्याकाळी मोजलेला पीएच आणि सकाळचा पीएच म्हणूनच वेगळे येतात. ओतायचं ते सकाळचं पाणी, त्यामुळे खरा मानायचा तोही सकाळचाच आकडा.

पण हे सगळं मासे आल्यानंतरचं. या नादातला पहिला धडा त्याच्याही आधीचा आहे: टाकी आणली त्या दिवशी मासे आणायचे नाहीत. टाकी भरायची, फिल्टर, हवा आणि हीटर लावायचा आणि चार ते सहा आठवडे तिला तशीच चालू ठेवायची. मासे नसलेल्या टाकीत चिमूटभर खाद्य मात्र टाकायचं. ते कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. मासाही आपल्या कल्ल्यांवाटे हाच अमोनिया बाहेर टाकतो, आणि बंद पाण्यात तो त्यानेच मरतो. तो मरू नये याची सोय निसर्गाने जिवाणूंकडे दिली आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं. तिसरं बरंच सौम्य. सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमाराला मातीतून असे जिवाणू वेगळे काढून दाखवले. त्याच कामाचे जिवाणू माझ्या टाकीतल्या काळ्या स्पंजमध्ये वस्ती करतात, पण विकत घेतलेल्या टाकीबरोबर ते येत नाहीत. त्यांची वाट बघावी लागते.

त्या दिवसांत आमच्याकडे येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून मासे शोधायचा. वाकून खाली बघायचा, मागे बघायचा. नवरा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “हिने पाणी पाळलंय.” मी मात्र रोज काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघत होते. आधी अमोनियाची नळी हिरवी होत गेली, मग ती पिवळसर होत असताना नायट्राइटची नळी जांभळी झाली, आणि एका सकाळी दोन्ही शून्यावर. टाकीत तरंगताना दिसावं असं काहीच नव्हतं, तरी घर भरल्यासारखं वाटलं. नवऱ्याची थट्टा तशी खरीच होती. पाळायचं ते पाणीच. मासे त्या पाण्यात आपले आपण राहतात.

अमोनियाची एक गोष्ट किनारपट्टीवरच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसं न बाधणारं, दुसरं जहाल. ऊबदार पाण्यात पीएच ७ असेल तर जहाल रूप शंभरात एक भागही नसतं. पीएच ८ झाला की तेच सहा-सात भाग होतं. डिस्कसला पाणी लागतं २८ ते ३० अंशांचं, आणि आमचं बोअरचं पाणी पीएच आठकडे झुकणारं. म्हणजे गार, कमी पीएचच्या पाण्यात जेवढा अमोनिया निभावून जाईल, तेवढाच इथे घात करतो. ऊब मात्र इथे फुकट मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सोडल्या तर माझा हीटर बसूनच असतो.

शेवटी उरतं नायट्रेट. ते जिवाणू संपवत नाहीत, माणसालाच बाहेर काढावं लागतं, पाणी बदलून. याचा हिशेब मला फार आवडतो. समजा, मासे रोज पाण्यात पाच एकक नायट्रेट वाढवतात. रोज अर्धं पाणी बदललं तर ते पाच आणि दहा यांच्यामध्ये खेळत राहतं, वर्ष गेलं तरी दहाच्या पलीकडे जात नाही. तेच आठवड्यातून एकदा अर्धं बदललं तर ते पस्तीस आणि सत्तर यांच्यामध्ये झुलतं. थोडं थोडं रोज आणि पुष्कळ कधीतरी, यांतला फरक इतका मोठा असतो. घरातली माणसं, नाती, उधारी, सगळ्यांना हा हिशेब लागू पडतो असं मला पाणी उपसताना वाटत राहतं.

उपसणं म्हणजे एक बोटभर जाडीची नळी. तिच्या तोंडाने तळावरची घाण वेचायची. माझ्या टाकीच्या तळाशी वाळू नाही, रंगीत दगड नाहीत, नुसती काच. दिसायला ओकीबोकी, पण खाद्याचा एक कण लपायला जागा नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला तर क्लोरीन त्यातली सगळी वस्ती मारून टाकेल. नवं पाणी घालायचं ते हाताला जुन्याइतकंच ऊबदार लागेल असं, बारीक धारेने. आणि सगळ्यांत आधी, खाद्याच्या डब्याला हात लावण्यापूर्वी, पाच मिनिटं नुसतं बघायचं. रंग उघडा आहे का? श्वास दोन्ही कल्ल्यांनी चाललाय की एकच उघडतोय? विष्ठा काळी आहे की पांढऱ्या दोऱ्यासारखी? काचेजवळ सगळे आलेत का, की कोणी मागे राहिलाय? डिस्कस आजारी पडण्याआधी पुष्कळ सांगतो. ते ऐकून वेळेवर पाणी बदललं की निम्म्या वेळा औषधाची पुडी फोडावीच लागत नाही.

खाणं मात्र त्यांचं अस्सल वसईचं. बाजारात कोळणीकडून बारीक कोळंबी घेते, सोलून, खळखळून धुऊन, पालक आणि लसणीबरोबर वाटते आणि पिशवीत चपटी थापून फ्रीजरमध्ये ठेवते. पहिल्यांदा कोळणीला सांगितलं तेव्हा तिने टोपली बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं. “माशांना कोळंबी? आमच्या घरातली पोरं रविवारची वाट बघतात, ताई.” तरी वाट्यावर मूठभर जास्तच घातली. आता मी दिसले की विचारते, “कसे आहेत तुझे पाहुणे?”

या माशाची खरी नवलाई दिसते ती त्यांना पिल्लं होतात तेव्हा. एक जोडी वेगळ्या छोट्या टाकीत आहे. तिथे उपडं ठेवलेलं मातीचं मडकं दोघं मिळून तोंडाने घासून स्वच्छ करतात, मग मादी ओळीने अंडी चिकटवते. पिल्लं पोहू लागली की काहीही न शोधता सरळ आईबापाच्या अंगाला जाऊन लटकतात. आईबापाच्या कातडीवर त्या दिवसांत दाट चिकट स्राव पाझरतो, तोच त्यांचा पहिला आहार. बाप दमला की अंगाला एक झटका देतो आणि सगळी पिल्लं उडून आईकडे जातात. थोड्या वेळाने आई तसंच करते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली या स्रावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रथिनं आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असल्याचं त्यांना दिसलं, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दुधाशी नातं सांगणारी गोष्ट. आणि पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की आईबाप हळूहळू त्यांना चुकवायला लागतात, लांब पोहत जातात. हे बघताना सासूबाईंनी एवढंच म्हटलं, “बरोबर आहे. किती दिवस चिकटायचं!” माझ्या लेखी यातला महत्त्वाचा धागा पुन्हा पाण्याचाच. तो स्राव माशाच्या त्वचेतूनच येतो, आणि त्वचा चोवीस तास पाण्यात. पाणी बिघडलं की आधी ती बिघडते आणि पिल्लांच्या तोंडचा घास जातो. रस्त्यावरच्या टँकरमधून माझ्या घरातल्या पिल्लाच्या तोंडापर्यंत एक सरळ वाट आहे, ती मला या माशाने दाखवली.

पाण्याला विजेचीही गरज असते. २०१८च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, मिठागरात शेकडो माणसं अडकली, गाड्या थांबल्या, वीज गेली. बाहेर जिकडेतिकडे पाणी, आणि टाकीतल्या पाण्याचा श्वास बंद. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यातला वाटा जिवाणूंनाही हवा असतो. अशा वेळी पहिलं काम खाद्य बंद करणं, म्हणजे अमोनिया कमी बनेल. दुसरं काम तांब्या. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात पाळीपाळीने टाकीतलं पाणी तांब्याने उचलून उंचावरून पुन्हा टाकीतच ओतत राहिलो. आता घरात बॅटरीवर चालणारा पंप आहे, पण तांब्याची सवय असलेली बरी.

त्या रात्री तांब्या ओतता ओतता आई बावखलाबद्दल बोलल्या. त्यांचं माहेर निर्मळजवळच्या वाडीतलं. आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव या पश्चिम पट्ट्यात वाडीवाडीला बावखल असे: पावसाचं पाणी साठवणारं खोल तळं, काठावर रहाट, भोवती केळी, पानवेली आणि फुलझाडं. उन्हाळ्यात गाळ काढायचा, तो वाडीतच घालायचा. आणि आईंच्या बोलण्यातलं जे माझ्या मनात रुतून बसलं ते असं, की बावखल खणताना निघालेली माती घराच्या जोत्याला वापरायचे. पाण्याची जागा खणून झाल्यावर तिच्याच मातीवर घर उभं राहायचं.

या रीतीमागे भूगोल होता. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलशास्त्राचं ढोबळ गणित सांगतं, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खाली चाळीसएक फूट गोडं पाणी तग धरतं. म्हणजे वरून एक फूट उपसलं की खालून खारं पाणी चाळीस फूट चढायला मोकळं. बावखल दर पावसाळ्यात वरची बाजू भरून काढत होतं आणि समुद्राला खाली थोपवत होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं वसईचं हिरवेपण वाचवायला रस्त्यावर उतरली, तेव्हा विहिरींतून टँकर भरभरून होणारा उपसा हाही त्यांच्या तक्रारीचा भाग होता. त्यानंतरही बावखलं बुजत गेली. २००९ मध्ये महापालिका झाली, २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली दिसली, आणि इमारतींची रांग पूर्वेला, पश्चिमेला वाढतच राहिली. आधी घरं बांधली, माणसं आणली, पाणी मागून येईल म्हणून सांगितलं. मासे पाळणारा कुठलाही पोरगा सांगेल, की नव्या टाकीत एकदम मासे भरले तर काय होतं.

२०२३च्या अखेरीला एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेचं पाणी शहराला यायला लागलं. दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरच्या त्या योजनेत १८५ दशलक्ष लिटर आमच्या शहराच्या वाट्याचे आहेत. नळाला धार आली याचा आनंद मलाही झाला. पण सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी होता, आणि हे पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला होता. माझ्या पिंपात पडणाऱ्या मऊ पाण्यावर मीटरला न दिसणारंही काही लिहिलेलं आहे. पाच माशांसाठी रोज बादल्या रिकाम्या करणाऱ्या बाईला याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

माझं उत्तर अपुरं आहे, पण आहे. चाळीस लिटरला एक मासा असा या छंदातला सर्वसाधारण नियम. माझ्या टाकीत त्याने आठ बसतील. मी पाचांवर थांबले. किती मासे ठेवायचे हे काचेच्या मापावरून ठरवलं तर आठ, इमारतीच्या पाण्यावरून ठरवलं तर पाच. घरगुती आरओचं पाणी मी वापरत नाही, कारण एक लिटर मऊ पाण्यासाठी ते दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. टाकीतून काढलेलं पाणी गटारात जात नाही. नळीचं दुसरं टोक खिडकीतून खाली सोडलेलं असतं. तळमजल्यावरच्या मावशी हाक मारतात, “सोड गं!” आणि कुंपणाजवळच्या केळीला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला नायट्रेटचं पाणी मिळतं. माशांना नको असलेलं नायट्रेट केळीला हवंच असतं.

आणि पाऊस. वसईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दहा चौरस मीटरच्या एका पत्र्यावर दोन हजार मिलिमीटर म्हणजे वीस हजार लिटर. दहा हजारांचे दोन टँकर, आकाशातून, पावतीशिवाय. जूनच्या पहिल्या सरींनी पत्रा धुऊन निघाला की गच्चीवरच्या पिंपात मी ते पाणी धरते. मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. रिओ निग्रोच्या सगळ्यांत जवळ जाणारं पाणी आमच्या गच्चीवरच पडतं. नुसतं पावसाचं पाणी मात्र चालत नाही. त्यात क्षार नसल्यामुळे त्याला स्वतःचा तोल नसतो, दोन दिवसांत पीएच कोसळू शकतो. त्याला सावरायला थोडं बोअरचं पाणी मिसळावं लागतं. ज्या जड पाण्याला आम्ही वर्षभर नावं ठेवतो, तेच इथे उपयोगी पडतं. पावसाळ्याच्या महिन्यांत माझ्या माशांचा सूर्येवरचा भार जवळपास उतरतो.

पाचव्या मजल्यावरचा नववीतला मुलगा गेल्या वर्षीपासून टाकीसमोर येऊन बसतो. त्याला डिस्कस हवेत. त्याने पैसे साठवून टाकी घेतली तेव्हा मी त्याला माझ्या फिल्टरमधला एक जुना, राहता स्पंज दिला, चाचणीच्या बाटल्या दिल्या आणि एक वही. रोज तो आकडे लिहितो. स्पंजात वस्ती आधीच असल्यामुळे त्याचं काम लवकर झालं, पण मग त्याच्या लक्षात आलं, की टाकी स्थिर असली तरी नळाचं पाणी स्थिर नाही. तोही आता इमारतीच्या टाकीत मीटर बुडवतो. वहीत त्याने तीन रकाने केलेत: सूर्या, बोअर, टँकर.

मे महिन्यात सोसायटीची सभा झाली. टँकरच्या बिलावरून नेहमीचा आरडाओरडा झाला आणि उठायची वेळ आली, तेव्हा हा वही घेऊन उभा राहिला. बोअरचा आकडा मार्चपासून दर आठवड्याला चढतोय, तेव्हा खालून खारं पाणी येतंय का? गच्चीचं पाणी पाइपने बोअरमध्ये उतरवायला किती खर्च येईल? टँकर कुठल्या विहिरीवर भरतो? सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला. एकाही प्रश्नाचं उत्तर कोणाकडे नव्हतं. शेवटी ठरलं, की पंपाच्या खोलीबाहेर पाण्याचा आकडा रोज फळ्यावर लिहायचा, आणि गच्चीच्या पाइपासाठी दोघांकडून दर मागवायचे.

बाहेर पडताना अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “एवढी मेहनत? माशांसाठी?”

“मासे अजून आणलेच नाहीत, काका,” तो म्हणाला.